पॅच तयार आहे, लावायचा कोणी?

केदारखेडा (जि. जालना), प्रतिनिधी

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' ग्रामीण महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत सर्वाधिक वेळा उच्चारल्या गेलेल्या वाक्यांची यादी कोणी केली, तर त्यात या वाक्याचा क्रमांक बराच वरचा लागेल. भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे कापूस, मका आणि सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. येथील शेतकऱ्याला लिनक्स म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्याचा सातबारा, पीक विमा, अनुदान आणि पीककर्ज या साऱ्यांचे धागे आता कुठल्या तरी शहरातील वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या संगणकांपर्यंत जाऊन पोहोचले आहेत. तो संगणक कोण सांभाळतो, त्यातील दोष कोण दुरुस्त करतो आणि ती दुरुस्ती वेळेवर होते की नाही, हा प्रश्न त्यामुळे केवळ संगणक अभियंत्यांचा राहिलेला नाही.

जुलै २०२४ च्या अखेरीची परिस्थिती आठवून पाहावी. खरीप पीक विम्याची वाढवून दिलेली मुदत ३१ जुलै रोजी संपत होती. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी आधार क्रमांक बँक खात्याशी जोडून घेण्याकरिता महिलांच्या बँकांपुढे रांगा लागत होत्या. शेतात खुरपणी आणि खताचा दुसरा हप्ता देण्याचे दिवस होते. म्हणजे मजुरी, खत आणि विमा हे तिन्ही खर्च एकाच वेळी उभे होते. नेमक्या त्याच ३१ जुलै रोजी देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक यूपीआय आणि एटीएमच्या जाळ्यापासून तोडले गेले.

सहा महिन्यांचे अंतर

या बँकांना संगणकीय सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांवर खंडणीखोर विषाणूचा, म्हणजे रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचा संशय होता. सी-एज ही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि स्टेट बँक ऑफ इंडिया यांनी मिळून उभी केलेली कंपनी. तिचे बहुतांश ग्राहक म्हणजे सहकारी बँका आणि प्रादेशिक ग्रामीण बँका. विषाणू पुढे पसरू नये म्हणून मुंबईतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने सी-एजचा आपल्या यंत्रणेशी असलेला संपर्क तात्पुरता तोडला. १ ऑगस्ट रोजी तो पूर्ववत झाला. देशातील एकूण व्यवहारांच्या तुलनेत या बँकांचा वाटा अगदी किरकोळ असल्याने अर्थव्यवस्थेला धक्का बसला नाही, असे समाधान तेव्हा व्यक्त करण्यात आले. तथापि ज्याचे एकच खाते आहे आणि तेही अशाच एखाद्या बँकेत आहे, त्याच्या दृष्टीने देशाची शंभर टक्के अर्थव्यवस्था त्या दिवशी बंद होती.

हल्ला झाला कसा? क्लाऊडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, या साखळीची सुरुवात सी-एजशी जोडलेल्या ब्रोन्टू टेक्नॉलॉजी सोल्यूशन्स या कंपनीच्या एका सर्व्हरपासून झाली. त्या सर्व्हरवर जेन्किन्स नावाची आज्ञावली होती आणि तिची मांडणी सदोष होती, असे या कंपनीचे म्हणणे आहे. जेन्किन्सचा वापर नव्या आज्ञावल्या तयार करून त्या सर्व्हरवर चढवण्यासाठी होतो. साहजिकच तिच्यापाशी इतर अनेक सर्व्हरच्या किल्ल्या असतात. तिच्यातील दोष ऐकायला क्षुल्लक वाटावा असा होता. आज्ञा देताना '@' या चिन्हापुढे एखाद्या फाईलचा पत्ता लिहिला, की त्या फाईलमधील मजकूर वाचता येत असे. परवाना नसलेल्या व्यक्तीलाही निदान पहिल्या काही ओळी दिसत. ज्या फाईलमध्ये गुप्त किल्ली ठेवली आहे, तिच्या बाबतीत हा दोष किती महाग पडू शकतो, हे सांगायला नको.

येथे तारखा महत्त्वाच्या आहेत. जेन्किन्सच्या निर्मात्यांनी हा दोष २४ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केला आणि त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही उपलब्ध करून दिली. ती विनामूल्य होती. बँकांचा संपर्क तुटला तो ३१ जुलैला. क्लाऊडसेकचा निष्कर्ष ग्राह्य धरला, तर दुरुस्ती उपलब्ध होणे आणि हल्ला होणे यांत सहा महिन्यांचे अंतर होते. या सहा महिन्यांत नवे तंत्रज्ञान शोधायचे नव्हते, कोट्यवधींची खरेदीही करायची नव्हती. एक पॅच, म्हणजे सदोष जागी लावायचे एक ठिगळ, तेवढे लावायचे होते.

एका महिन्याच्या चार तारखा

'लिनक्सला विषाणू लागत नाही' हा समज आपल्याकडे अजूनही बऱ्यापैकी रूढ आहे. क्लाऊडसेकने या हल्ल्यामागे ज्या टोळीचे नाव घेतले, त्या रॅन्समएक्स टोळीने खास लिनक्स सर्व्हरसाठी बनवलेला विषाणू कॅस्परस्की या कंपनीने २०२० मध्येच उजेडात आणला होता. हे होणारच होते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. इंटरनेटवरील सर्व्हरचा मोठा हिस्साही याच प्रणालीवर आहे. जेथे तिजोरी, तेथे चोर येणारच.

सर्व्हर सांभाळणाऱ्याची आजची अडचण समजून घ्यायची असेल, तर जून-जुलै २०२४ च्या एकाच महिन्यातील चार तारखा पुरेशा आहेत.

पहिली तारीख ३० जूनची. सेंटओएस ७ या लिनक्स आवृत्तीचे आयुष्य त्या दिवशी अधिकृतपणे संपले. रेड हॅट कंपनीच्या सशुल्क लिनक्सची ही जवळपास हुबेहूब आणि विनामूल्य प्रतिकृती. त्यामुळे महाविद्यालये, लहान बँका, रुग्णालये आणि होस्टिंगचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. ३० जूननंतर तिच्यात कोणताही दोष सापडला, तरी त्याचा पॅच विनामूल्य मिळण्याची सोय राहिली नाही. सर्व्हर मात्र चालूच राहतो. तो काही तक्रार करीत नाही, आणि हीच यातील खरी मेख आहे.

दुसरी तारीख लगेच पुढच्या दिवसाची, १ जुलैची. ज्या ओपनएसएसएच या साधनाद्वारे दूर बसलेला अभियंता सर्व्हरमध्ये प्रवेश करतो, त्याच साधनात पासवर्डाविना सर्वाधिकार मिळवून देऊ शकणारा दोष क्वालिस या कंपनीने जाहीर केला. या कंपनीचे एक मोठे केंद्र आपल्या पुण्यात आहे. हाच दोष २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाला होता आणि ऑक्टोबर २०२० मधील बदलांच्या ओघात तो नकळत परत आला. इंटरनेटवर उघडे असलेले एक कोटी चाळीस लाखांहून अधिक सर्व्हर त्याच्या कक्षेत येऊ शकतात, असा क्वालिसचा अंदाज होता. गंमत अशी, की आदल्या दिवशी निवृत्त झालेल्या सेंटओएस ७ मधील ओपनएसएसएच इतके जुने होते, की परत आलेला दोष त्यात पोहोचलाच नव्हता. त्यामुळे 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांना तेव्हा हायसे वाटले असेल. पण हा निव्वळ योगायोग होता; त्यास धोरण म्हणता येणार नाही.

तिसरी तारीख १९ जुलैची. क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. हा विषय लिनक्सचा नव्हता. परंतु 'चालू यंत्रणेला हात लावू नका' असे बजावणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाच्या हाती त्या दिवशी आयते उदाहरण आले.

चौथी तारीख ३१ जुलैची. हात न लावल्यास काय होऊ शकते, त्याचे हे उदाहरण.

एका बाजूस घाईने पसरवलेल्या अद्ययावतीकरणाचा धडा आणि दुसऱ्या बाजूस न लावलेल्या पॅचचा धडा. दोहोंत बारा दिवसांचे अंतर. यातून वाट काढणे हेच सर्व्हर प्रशासकाचे खरे काम आहे.

पॅच का लागत नाहीत?

आळस किंवा अज्ञान हे त्याचे सोपे उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. पहिले कारण संख्येचे. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे विकासक स्वतःच दोषांना अधिकृत क्रमांक देऊ लागले आणि एकट्या कर्नलच्या नावावर वर्षाला हजारोंच्या घरात दोष नोंदले जाऊ लागले. यातील बहुतेक एखाद्या विशिष्ट उपकरणापुरते किंवा विशिष्ट परिस्थितीपुरते असतात. सगळेच तातडीचे मानले, तर कशालाच तातडी उरत नाही.

दुसरे कारण वेळेचे. पॅच लावायचा म्हणजे सेवा काही मिनिटे थांबवावी लागणार. ती थांबवण्याची परवानगी द्यायची कोणी? व्यवस्थापक म्हणतो महिनाअखेर आहे, लेखा विभाग म्हणतो तिमाही आहे. पॅच लावताना सेवा दहा मिनिटे बंद पडली, तर सर्व्हर प्रशासकास जाब विचारला जातो. पॅच न लावल्यामुळे सहा महिने काहीच घडले नाही, तर त्याला कोणी काही विचारत नाही. अशा हिशेबात शहाणा माणूस गप्प बसणेच पसंत करील, यात नवल ते काय?

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे आणि ते साखळीचे आहे. गावातील शाखा बँकेच्या मुख्यालयाकडे बोट दाखवते, मुख्यालय सेवा पुरवठादाराकडे, पुरवठादार त्याच्या सहयोगी कंपनीकडे, आणि ती कंपनी रात्रपाळीतील एखाद्या कंत्राटी अभियंत्याकडे. या साखळीत 'हा सर्व्हर माझा' असे म्हणणारा माणूस अनेकदा सापडतच नाही. चाचणीसाठी म्हणून उभारलेला आणि नंतर विसरला गेलेला सर्व्हर तर कोणाच्याच नावावर नसतो. हल्लेखोराला मात्र असलाच सर्व्हर हवा असतो.

जमेच्या बाजूला काय करता येईल?

जाणकारांच्या दृष्टीने पुढील गोष्टी प्राथमिक आहेत. तरीही बहुतेक दुर्घटनांचे मूळ याच प्राथमिक गोष्टींत सापडते. म्हणून त्यांची उजळणी अप्रस्तुत ठरू नये.

सर्वप्रथम मोजदाद. संस्थेकडे किती सर्व्हर आहेत, त्यावर लिनक्सची कोणती आवृत्ती आहे, तिचे आयुष्य कधी संपते, कोणती दारे बाहेरच्या जगाला उघडी आहेत आणि प्रत्येकाचा जबाबदार माणूस कोण, हे एका तक्त्यात हवे. आयुष्याची तारीख तर आधीच ठाऊक असते. सेंटओएस ७ ची तारीख वर्षानुवर्षे जाहीर होती. उबुंटू २०.०४ चा सर्वसाधारण विनामूल्य आधारही मे २०२५ मध्ये संपला. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे विनामूल्य पर्याय २०२१ पासून उपलब्ध आहेत. स्थलांतरास वेळ लागतो, पण तो अचानक अंगावर येत नाही.

दुसरी गोष्ट क्रम लावण्याची. दोषाची तीव्रता दाखवणारा आकडा एकटा पुरेसा नाही. तीन प्रश्न विचारावेत. हा सर्व्हर इंटरनेटवरून थेट दिसतो का? या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झाला आहे का? आणि यातून हल्लेखोरास इतर सर्व्हरच्या किल्ल्या मिळतील का? अमेरिकेची सायबर सुरक्षा यंत्रणा प्रत्यक्ष वापरल्या जात असलेल्या दोषांची यादी नोव्हेंबर २०२१ पासून जाहीरपणे ठेवते. ती कोणालाही पाहता येते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील, तर महिनाअखेरची वाट पाहणे परवडणारे नाही.

तिसरी गोष्ट, नुसत्या आवृत्तीच्या क्रमांकावर विसंबू नये. रेड हॅट किंवा डेबियनसारखे वितरक अनेकदा आवृत्ती न बदलता केवळ दोषापुरती दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. ओपनएसएसएचच्या निर्मात्यांनी आपली दुरुस्ती ९.८ या आवृत्तीत दिली. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीवर मात्र पॅच लावल्यानंतरही ८.७ हाच क्रमांक दिसत राहिला. क्रमांक पाहून घाबरणारा लेखापरीक्षक आणि क्रमांक पाहून निश्चिंत होणारा अभियंता, दोघेही फसू शकतात. वितरकाची सुरक्षा सूचना वाचणे आणि पॅकेजच्या बदलांची नोंद तपासणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

चौथी गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित. पॅच उतरवून घेतला म्हणजे तो लागू झाला, असे नव्हे. चालू असलेली सेवा जुनीच लायब्ररी स्मृतीत धरून बसलेली असते. ती सेवा पुन्हा सुरू केल्याखेरीज दोष जात नाही. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' या दोषाच्या वेळी हा धडा अनेकांनी घेतला. कोणत्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतील, हे सांगणारी साधने उबुंटू-डेबियनमध्येही आहेत आणि रेड हॅटच्या घराण्यातही आहेत. कर्नलच्या बाबतीत तर संपूर्ण सर्व्हरच पुन्हा सुरू करावा लागतो. चालू स्थितीत पॅच लावण्याची सोय असली, तरी ती सर्व दोषांना पुरी पडत नाही. 'आमचा सर्व्हर तीन वर्षांत एकदाही बंद झालेला नाही' असे काही ठिकाणी अभिमानाने सांगितले जाते. त्याचा अर्थ एवढाच, की त्या सर्व्हरचा कर्नल तीन वर्षांपूर्वीचा असण्याची दाट शक्यता आहे.

पाचवी गोष्ट टप्प्याटप्प्याने जाण्याची. आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग कमी महत्त्वाच्या एक-दोन सर्व्हरवर, काही तास निरीक्षण करून मग उर्वरितांवर. तत्पूर्वी परतीची वाट तयार हवी: यंत्राची तात्काळ प्रतिमा, बॅकअप आणि जुना कर्नल. बॅकअपविषयी एकच कसोटी आहे. तो कधी घेतला हे विचारू नये. त्यातून माहिती परत उभी करून शेवटचे कधी पाहिले, हे विचारावे. आणि त्याची एक प्रत तरी मुख्य जाळ्यापासून तोडून ठेवलेली असावी, नाहीतर रॅन्समवेअर मूळ माहितीबरोबर बॅकअपही कुलूपबंद करून जाते.

बिघाड की घुसखोरी?

पॅच लावणे आणि बिघाड शोधणे ही दोन निराळी कामे समजली जातात. प्रत्यक्षात ती एकाच शिस्तीची दोन अंगे आहेत. कारण साध्या बिघाडाची आणि घुसखोरीची पहिली लक्षणे बहुधा सारखीच असतात. सर्व्हर मंदावतो, डिस्क भरते, प्रोसेसर विनाकारण राबू लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २९ मार्च २०२४ चे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की एका लिनक्स संगणकावर प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. 'नेटवर्क हळू असेल' असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले नाही. शोध घेता 'एक्सझेड' या माहिती आटोपशीर करणाऱ्या साध्या साधनात कोणी तरी दीर्घकाळ विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. तो चोरदरवाजा असलेल्या नव्या आवृत्त्या काही वितरकांच्या चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या. स्थिर शाखांत पोहोचण्यापूर्वी त्या अडवल्या गेल्या. यातील धडा दुहेरी आहे. सुरक्षा पॅच त्वरित लावावा; पण निव्वळ 'नवीन आहे' म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती कामाच्या सर्व्हरवर चढवू नये. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

बिघाड शोधण्याचे काम त्यामुळे अंदाजाने होऊ नये. शेवटचा बदल कोणता झाला, हा पहिला प्रश्न. मग नोंदवही, म्हणजे लॉग, वाचावी. डिस्कवर जागा शिल्लक दिसत असूनही फाईल लिहिली जात नसेल, तर फाईलींची कमाल संख्या संपली आहे का, ते पाहावे. मोठी फाईल पुसूनही जागा मोकळी होत नसेल, तर कोणती तरी सेवा ती अद्याप धरून आहे का, ते तपासावे. पॅचच लागत नसेल, तर जुन्या कर्नलनी बूटची छोटी डिस्क भरली असण्याचा संभव असतो. सुरक्षित जोडण्या अचानक नाकारल्या जात असतील, तर प्रमाणपत्राची मुदत आणि सर्व्हरचे घड्याळ यांकडे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

याउलट आपल्याकडची रूढ पद्धत काय? काही चालेनासे झाले, की सुरक्षेचा पहारा बंद करून टाकायचा, फाईलींवर सर्वांना सर्व परवानग्या देऊन मोकळे व्हायचे, फायरवॉल 'तात्पुरती' काढायची. काम लगेच चालू होते, ग्राहकाचा फोन थांबतो, आणि 'तात्पुरते' हे कायमचे होऊन बसते. पुढच्या माणसाला तर त्याचा पत्ताही नसतो.

पुण्याचा धडा

सर्व्हरच्या वागण्याकडे लक्ष न ठेवण्याची किंमत महाराष्ट्राने यापूर्वी मोजली आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरलेल्या हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा करून २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले. देशांतर्गत अडीच कोटी निघाले आणि १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय संदेश प्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एटीएममधून पैसे काढणाऱ्या टोळीतील ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवले. बँकांच्या स्विचवर उत्तरे बदलून पैसे काढण्याच्या या प्रकारच्या हल्ल्यांसाठीचा विषाणू लिनक्स सर्व्हरसाठीही तयार झाल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडकीस आले. म्हणजे हल्लेखोर आपले साहित्य अद्ययावत करीत आहेत. आपण करतो आहोत काय?

कागदावर नियमांची वाण नाही. कॉसमॉसच्या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्यापानुसार चार स्तर केले. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि सर्व्हरची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवणे बंधनकारक केले. बाहेरून घेतलेल्या माहिती-तंत्रज्ञान सेवांची जबाबदारी बँकेचीच, हे सांगणारे रिझर्व्ह बँकेचे निर्देशही एप्रिल २०२३ मध्ये निघाले. मात्र प्रादेशिक ग्रामीण बँका आणि लहान नागरी सहकारी बँका त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. ज्यांना स्वतःचा अभियंता परवडत नाही आणि जे सर्वस्वी बाहेरच्या पुरवठादारावर अवलंबून आहेत, नेमके तेच बाहेर, असा हा प्रकार.

लहान बँकेने स्वतंत्र सुरक्षा विभाग उभारावा, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही, हे मान्यच करावे लागेल. त्यावर उत्तर एकत्र येण्याचेच आहे. नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये कार्यान्वित झाली आहे. सामायिक निरीक्षण कक्ष, पॅचची सामायिक चाचणी आणि अनुभवी सर्व्हर प्रशासकांचा सामायिक ताफा ही तिची पहिली कामे असावयास हवीत. साखर कारखान्यापासून दूध संघापर्यंत सहकाराचे जाळे विणणाऱ्या महाराष्ट्राला एवढे एकत्र येणे अशक्य नाही.

तोवर शहरी वाचकाने काय करावे? आपल्यापैकी अनेक जण एखाद्या सहकारी बँकेचे वा पतसंस्थेचे सभासद असतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या टक्केवारीवर तासभर चर्चा होते. यंदा त्यातील पाच मिनिटे राखून तीन प्रश्न विचारावेत. आपल्या सर्व्हरवर शेवटचा सुरक्षा पॅच कोणत्या तारखेस लागला? बॅकअपमधून माहिती परत उभी करून शेवटचे कधी पाहिले? आणि पॅच लावण्यासाठी रात्री दहा मिनिटे सेवा थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे? पहिल्या दोन प्रश्नांना तारखा मिळाल्या पाहिजेत आणि तिसऱ्याला एका माणसाचे नाव. 'पुरवठादार बघतो' हे उत्तर मिळाले, तर ते उत्तर नव्हे, हे सभासदांनी संचालकांना ठणकावून सांगावयास हवे.

रात्री दोन वाजता ठरवून दहा मिनिटे बंद ठेवलेला सर्व्हर केदारखेड्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरदुपारी बंद पडलेला सर्व्हर मात्र एखाद्याचा हंगाम बुडवू शकतो. बंद तर दोन्ही वेळा ठेवावा लागतो. तो केव्हा आणि कोणाच्या मर्जीने, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे.